बॅनरवरची आग

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. रस्त्यात कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर दिसला की ती समोर उभी राहते, आणि आमच्या नवी मुंबईत बॅनर कुठे दिसत नाही? मी सेवेतून निवृत्त झालो. माझा राग अजून निवृत्त झालेला नाही.

मी तेव्हा वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो आणि घणसोली गाव माझ्या हद्दीत होतं. लांबून पाहिलं तर नुसते टॉवर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी जुनं गावठाण आहे. भिंतीला भिंत लागलेली घरं, खाली दुकान, वर भाड्याच्या खोल्या, मधून एक मोटारसायकल जाईल एवढी गल्ली.

उतरती दुपार होती. कोर्टात गेलेले कर्मचारी परतायचे होते. ठाणे अंमलदार एका बाईंची मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार लिहून घेत होता. फोन वाजला. त्याने ऐकलं आणि स्पीकर चालू केला.

"घणसोली गावात स्फोट झालाय. ती अंतराळवाली संस्था आहे ना, तिथे बॉम्ब बनवत होते. बाईचं नाव लिहून घ्या."

आणि त्या माणसाने नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आम्ही त्याचं नाव विचारलं तेव्हा फोन बंद झाला.

खबर देणारी माणसं मी आयुष्यभर ऐकली आहेत. घाबरलेला माणूस आधी "लवकर या" म्हणतो. कुणाला किती लागलंय ते सांगतो. पत्ता सांगताना चुकतो. हा चुकला नाही. कोण मेलं, कोण जगलं, याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. त्याला फक्त आरोपी नोंदवायचा होता. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगून मी निघालो.

गाडी गावठाणाच्या तोंडाशीच थांबवावी लागली. तिथे बॅनरसाठी बांबूंचा सांगाडा उभा होता. सांगाडा रिकामा होता आणि नायलॉनच्या दोऱ्यांची कापलेली टोकं वाऱ्यावर हलत होती. मी ते पाहिलं आणि पुढे गेलो.

तळमजल्यावरची खोली होती. दरवाजा उखडला होता, समोरच्या भिंतीला काळा डाग होता आणि गल्लीभर धुराचा वास होता. आत भिंतींवर मुलांनी रंगवलेले ग्रह होते. एक शनी अर्धा जळला होता. कोपऱ्यात पीव्हीसी पाइपची घरगुती दुर्बीण आडवी पडली होती. प्लास्टिकच्या बाटल्या, पुठ्ठ्याचे पंख, सायकलचा पंप. आणि उंबऱ्याजवळ लोखंडी पाइपचे फाटलेले तुकडे.

जखमी तरुणाला शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांना इजा झाली होती. ज्या मुलीचं नाव फोनवर सांगितलं गेलं, ती समोरच्या ओट्यावर बसली होती. हात काळे, ओढणीवर रक्त. ते तिचं नव्हतं. मी जवळ गेल्यावर ती उठून उभी राहिली.

"मी केलं," ती म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

ती मुलगी त्याच गावातली, आगरी कुटुंबातली. नेरूळच्या कॉलेजात इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केलेली. जखमी तरुण तिचा वर्गमित्र, नेरूळला फ्लॅटमध्ये राहणारा, वडील बँकेत. दोघांनी मिळून एक धर्मादाय संस्था काढली होती आणि उद्देश लिहिला होता, अंतराळ संशोधन. नोंदणीच्या वेळी कारकुनाने तिला विचारलं होतं म्हणे, "जमिनीवरची कामं संपली का, मॅडम?" गावातली पोरंही तिला चिडवायची, "काय गं, चंद्रावर वन बीएचके कितीला?" ती हसून सोडून द्यायची. रोज संध्याकाळी गावातली मुलं त्या खोलीत जमायची. पाणी आणि हवेच्या दाबावर उडणारी बाटलीची रॉकेटं करायची. पुढे स्वतःचा छोटा उपग्रह बनवायचा, असं तिच्या डोक्यात होतं.

ठाण्यात तिने तोच जबाब दिला. संस्था माझी, खोली मी घेतलेली, पाइप मी आणला, त्यात स्फोटाची दारू मी भरली.

"झाकण कसं बसवलंस?" मी विचारलं.

"बसवलं."

"कशाने?"

तिने काळे हात ओढणीखाली घेतले.

"खोलीत लोखंड कापायचं एकही हत्यार नाही. करवत आहे ती पुठ्ठा कापायची. पाइप कुठे कापलास?"

"बाहेरून आणला."

"कुठून?"

"आठवत नाही."

सोबत माझी महिला हवालदार बसली होती. उरणची बाई, वडील मासेमारी करणारे. खोटं ओळखण्यात तिचा हात धरणारा आमच्या ठाण्यात कुणी नव्हता. ती मला बाहेर घेऊन आली. "साहेब, ही पोरगी खोटं बोलतेय. आणि तिला खोटं बोलायची सवय पण नाहीये. कोणीतरी दम भरलाय."

तेवढ्यात ज्याचा दम होता तो स्वतःच ठाण्यात आला.

गावात त्याला सगळे शेठ म्हणायचे. निवडून आलेला नव्हता, पण निवडून आलेले त्याच्या ऑफिसात बसायचे. पांढरे कपडे, सोबत पांढऱ्या कपड्यांतली चारपाच माणसं. न विचारता खुर्ची ओढून बसला.

"साहेब, आपल्याच गावची पोरगी. वाईट वाटतं. पण कायदा म्हंजे कायदा. उगाच ताणू नका, समाजात चुकीचा मेसेज जातो."

"तुमचा त्या संस्थेशी संबंध?"

"माझा?" तो हसला. "मी कशाला वर बघू, साहेब? माझं सगळं जमिनीवर. पोरं येतात, आशीर्वाद मागतात, आपण देतो. कागद काढा. माझी सही कुठे दिसली तर मला पन आत टाका."

कागद काढायची गरज नव्हती. त्याची सही कुठे नसणार हे तो बोलला तेव्हाच मला कळलं. असली माणसं सही करत नाहीत. काम असेल तर निरोप तोंडी जातो आणि निस्तरायची वेळ आली की ज्याने सही केली तो सापडतो. आपली अर्धी व्यवस्था अशीच चालते. सही करणारा प्रामाणिक असतो म्हणूनच तो सही करतो, आणि आपण त्यालाच पकडतो.

संध्याकाळी वरून फोन आला. "विश्वस्त कोण? तीच ना? कबुली पण देतेय. मग अटक दाखवा, विषय संपवा. स्फोटकांचं प्रकरण आहे, चॅनेलवाले विचारतायत."

"तपास चालू आहे, सर."

"किती दिवस चालू राहणार?"

मी फोन ठेवून दिला. त्या मुलीला स्फोटकांच्या कायद्याखाली आत टाकलं असतं तर जामीन मिळायलाच किती काळ गेला असता. संस्था बुडाली असती ती वेगळीच, आणि पुढे आयुष्यभर नोकरीच्या प्रत्येक चौकशीत तिच्यापुढे हा गुन्हा उभा राहिला असता. मी तिला घरी सोडलं आणि गाव सोडायचं नाही अशी लेखी समज दिली. ठाण्यातल्या काही जणांना ते पटलं नाही. नाही पटलं तर नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी जखमी तरुणाचा जबाब घ्यायला गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आई उशाशी बसलेली.

"सर, आमची रॉकेटं पाण्याची आहेत," तो म्हणाला. "आग आम्ही कधी वापरली नाही. पोरं असतात ना तिथे. एक माणूस तो पाइप घेऊन आला, गोणपाटात गुंडाळलेला. म्हणाला, रेडी आहे, फक्त पेटवायचं. मी आणि ती, दोघांनी सांगितलं परत ने. तो म्हणाला उद्या नेतो, आणि ठेवून गेला."

"मग?"

"ती फोनवर कोणाशी तरी भांडत बाहेर गेली. पोरं यायची वेळ झाली होती, सर. पाइप तिथे पडलेला. मी म्हटलं, पोरं यायच्या आत हे खाडीकडच्या मैदानात नेऊन ठेवावं. उचलला, दारापर्यंत आलो. पुढचं आठवत नाही."

"माणूस कोण होता?"

"नाव नाही माहीत. पांढरा शर्ट. समोर आला तर ओळखेन मी."

आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्याची आई तोंडाला पदर लावून खोलीबाहेर गेली.

पाहिलं होतं दोघांनी. एक खोटं सांगत होती, दुसऱ्याचे डोळे पट्टीखाली. ओळख परेड कशी घ्यायची? मी जिन्यावरून उतरताना कठड्यावर मूठ आपटली. एक नर्स दचकून थांबली.

मी मुलीला पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलामागून नाही, बाजूला बसून बोललो. तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय, आता तू सांग.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. हवालदारबाईंनी चहा पुढे सरकवला. "पी गं. आणि बोल. तुझ्या मित्रानं पोरांसाठी डोळे घालवले, आणि तू कोणाला वाचवतेस?"

तेव्हा ती रडली. पहिल्यांदाच.

"आमचं घर गरजेपोटीचं आहे, सर."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शहर वसवायला गावांच्या जमिनी घेतल्या. कुटुंबं वाढली, जागा मिळाली नाही, तेव्हा लोकांनी गावाला लागून गरजेपोटी घरं बांधली. त्यातली कित्येक आजही कागदावर अनधिकृत आहेत. ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं, तेच त्या शहरात बेकायदा. अशा घरात राहणाऱ्या माणसाला धमकी द्यायला पिस्तूल लागत नाही. पालिकेच्या हातोड्याची आठवण पुरते.

"शेठला वाढदिवसाला रॉकेट उडवायचं होतं," ती म्हणाली. "आधी म्हणाला, समाजमंदिराच्या गच्चीवर तुमच्यासाठी खोली बांधून देतो, मोठी दुर्बीण बसवा. आम्ही खूश. मी म्हटलं पाण्याचं रॉकेट उडवू, तेही खूप वर जातं. तर बोलला, वाढदिवसाला पाणी उडवू? मी काय बागेतलं कारंजं आहे? आग पाहिजे, धूर पाहिजे, पब्लिकला दिसलं पाहिजे. मी नाही म्हणाले. तरी काही दिवसांनी तो पाइप आला."

"आणि स्फोटानंतर?"

"तुम्ही यायच्या आधी त्याचा माणूस आला ओट्यावर. बोलला, सगळं तुझ्या अंगावर घे. शेठचं नाव निघालं तर उद्या घरावर हातोडा. आईबाबा, आजोबा, काका, सगळे त्याच घरात आहेत, सर."

"हे लिहून देशील?"

"नाही." आणि मग माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "आमची शेतं गेली. मिठागरं गेली. खाडी भरत भरत आणली. म्हणून मी आकाशाची संस्था काढली, सर. म्हटलं, हे अजून कोणी संपादित केलेलं नाही. तिथेही हाच येऊन बसला."

ती निघून गेल्यावर मी आणि हवालदारबाईंनी हातात काय आहे ते मोजलं. पोरीने तोंडी सांगितलेलं खरं होतं आणि कोर्टात त्याची किंमत शून्य होती. पाइप आणणाऱ्याचं नाव सांगायला ती तयार नव्हती. शेठने कुणाला काही लिहिलेलं नाही. फोन आला होता तो नंबर गावातल्या चहाच्या टपरीवाल्याचा निघाला. टपरीवाला म्हणाला, गिऱ्हाईकाने अर्जंट म्हणून फोन मागितला, पांढरा शर्ट होता. गावात त्या दिवसांत पांढऱ्या शर्टांची काही कमी नव्हती.

मला तो रिकामा सांगाडा आठवला तो इथे. हवालदारबाईंना विचारलं, "शेठचा वाढदिवस कधी आहे?"

"परवा, साहेब. आख्खं गाव सजलंय."

"मग गावाच्या तोंडाशी त्याचा बॅनर का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे बॅनर वाढदिवसाच्या कितीतरी आधी लागतो आणि दुसऱ्याचा वाढदिवस येईपर्यंत उतरत नाही. उतरवतात तेव्हा दोरी सोडवून घेतात, पुढच्या बॅनरला लागते म्हणून. इथे वाढदिवस व्हायच्या आधीच बॅनर गेला होता आणि दोऱ्या ब्लेडने कापल्या होत्या. गावाच्या तोंडावरची सगळ्यात मोठी जागा, आणि शेठने स्वतःचा चेहरा स्वतःच्या हाताने उतरवला? ज्याला त्या जगाची माहिती आहे त्याला सांगायला नको की असं घडत नाही. घडलं, म्हणजे त्या बॅनरवर चेहऱ्याखेरीज आणखी काहीतरी होतं.

गावात चौकशी केली. बॅनर होता हे सगळ्यांना आठवत होतं. त्यावर काय होतं हे कुणालाही आठवत नव्हतं. पोलिसांसमोर अख्ख्या गावाची स्मरणशक्ती एकदम जाते, हे मला नवीन नव्हतं.

शेवटी त्या खोलीच्या मालकीणबाईंकडे गेलो. वयस्कर कोळी बाई, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आधीच्या जबाबात त्यांना फक्त भाड्याच्या कराराबद्दल विचारलं गेलं होतं. त्या गच्चीवर होत्या. जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घातला होता, गच्चीभर, आणि त्याचा तो वास. त्या उकिडव्या बसून हाताने तो पसरत होत्या. हवालदारबाई खाली बसल्या आणि त्यांच्याबरोबर जवळा पसरायला लागल्या. बोलणं माशांच्या भावाचं चाललं होतं. मी कठड्याला टेकून उभा होतो.

जवळ्याखाली पांढरं, जाड, नवंकोरं कापड होतं. फ्लेक्स होता तो, उलटा अंथरलेला.

"आजी, हा कुठला?" मी विचारलं.

"खाडीच्या कडंला फेकून गेली पोरं. नवा हाय. मी आनला. पावसाल्यात छपरावं पन टाकता येल."

"बघू जरा?"

"आनि माजा जवला?"

पोलीस खात्यातल्या माझ्या सगळ्या सेवेत मी एकदाच जवळा भरला, तो त्या दिवशी. तिघांनी मिळून सुपात भरला. मग हवालदारबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि फ्लेक्स उलटला.

शेठ. माणसापेक्षा उंच, काळा गॉगल, हात आकाशाकडे. पायाशी एक रॉकेट आणि त्याच्या बुडातून लाल-पिवळ्या ज्वाळा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की शेठच्याच संकल्पनेतून, शेठच्याच मार्गदर्शनाखाली, शेठच्या वाढदिवशी घणसोलीतून अवकाशात झेप. त्याखाली दुसरी ओळ होती: पाण्याचं नाही, खऱ्या आगीचं रॉकेट!

ज्या माणसाने आयुष्यात कुठे सही केली नाही, त्याने एवढ्या मोठ्या अक्षरांत जबाब छापून गावाच्या तोंडाशी टांगला होता.

खाली शुभेच्छुकांची रांग होती. अंगठ्याएवढे चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि पद. आजी डोळे बारीक करून वाकल्या आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. बोटाला जवळा चिकटलेला होता.

"ह्योच. ह्यानाच ते लांब काय तरी गोनपाटान गुंडालून आनलेला. मी जिन्यावं होती. मी बोल्ली, काय रं? तं बोल्ला, आजी, शेठचा सामान हाय."

त्या चेहऱ्याखाली पद लिहिलं होतं: रॉकेट व्यवस्था.

"आधी का नाही सांगितलंत?"

"मना कोनी इचारलं? आनि पोरीना माजे पाय धरले. आजी बोलू नको, घर जाईल."

हवालदारबाई हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही नाही बोललात तर पोरीला अटक होणार."

आजी उभ्या राहिल्या. हात पदराला पुसले. "घर काय, परत बांधू. आमी खाडीत भर टाकून घर बांधलेली मानसं. पोर आत गेली तं तिच्या आयला मी तोंड कसा दाखवू? लिव, काय लिवायचा तं."

दोन पंच बोलावले, जागेवरच पंचनामा केला आणि फ्लेक्स जप्त केला. आजींनी पावती मागितली. मी दिली.

पुढचं काम फ्लेक्स छापणाऱ्याकडे होतं. बॅनरच्या कोपऱ्यात त्याचं नाव असतंच. तो बिचारा आम्हाला पाहूनच घामाघूम झाला. डिझाइन कुणी दिलं विचारल्यावर त्याने मोबाइल काढला. शेठने दारूबद्दल कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण स्वतःच्या चेहऱ्याचं काम तो दुसऱ्या कुणावर सोपवत नव्हता. बॅनरसाठी त्याने स्वतःच्या आवाजात निरोप पाठवले होते, एकामागून एक. फेस मोठा कर. गॉगल दुसरा लाव. गाल कमी कर. आणि मग: "खाली तो पाण्याचा फवारा कोनी टाकला? त्या पोरीनं पाठवला असेल. काढ तो. आग दाखव, फुल आग. आग खरीच असनार आहे, माल आनायला माणूस गेलाय."

हवालदारबाईंनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. आम्ही तो दोनदा ऐकला. फोन जप्त करून पंचनामा केला.

"रॉकेट व्यवस्था" दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आणली. वय तिशीच्या आत, पांढरा शर्ट. मी फ्लेक्स माझ्या खोलीत जमिनीवर अंथरून ठेवला होता. खोलीभर जवळ्याचा वास.

"हा कोण?"

"मीच दिसतोय, साहेब."

"रॉकेट व्यवस्था म्हणजे काय?"

"ते असंच असतं, साहेब. बॅनरवर यायचं तर काय तरी पद लागतं. मागच्या टायमाला मी जलपान व्यवस्था होतो."

हवालदारबाईंना हसू आवरेना. मला हसू आलं नाही.

"पाइप कुणी दिला?"

"कसला पाइप?"

मी त्याला आदल्या रात्री घेतलेला शेठचा जबाब वाचून दाखवला. त्यात शेठने सांगितलं होतं की अशा नावाच्या कुठल्याही व्यक्तीला मी ओळखत नाही, रोज शेकडो लोक भेटतात. तो ऐकत राहिला. मग खाली फ्लेक्सकडे पाहिलं. शेठचा बूट जिथे संपत होता तिथेच बरोबर त्याचा चेहरा होता.

"बघ, तुझी जागा कुठे आहे ती," मी म्हणालो. "दरवर्षी तिथेच असते. त्या हॉस्पिटलात एक मुलगा पट्टी बांधून पडलाय. तू ज्याच्यासाठी त्याचे डोळे घालवलेस, तो तुला ओळखत नाही."

तो खुर्चीवरून उतरून जमिनीवरच बसला. पाइप कुठून भरून आणला, कुणी पाठवलं, काय सांगून पाठवलं, सगळं सांगितलं. स्फोट झाल्यावर शेठने त्याला तीन कामं दिली होती: पोरीला दम दे, टपरीवरून पोलिसांना फोन करून तिचं नाव सांग, बॅनर उतरव. पहिली दोन त्याने नीट केली. तिसऱ्यात आळस केला. जाळायचा तो बॅनर खाडीच्या कडेला फेकला.

"का नाही जाळलास?"

"माझा पन फोटो होता, साहेब. आपलाच फोटो कसा जाळायचा?"

शेठला वाढदिवसाच्या दिवशी अटक केली. केक कापायचा होता. "अटक नंतर करा, पब्लिक बघतंय," तो म्हणाला. मी म्हणालो, पब्लिकनेच बघायला पाहिजे. वरून फोन आले, मी घेतले आणि प्रत्येकाला सांगितलं की आवाजाचा नमुना तपासणीला गेला आहे. त्यानंतर फोन कमी झाले. पाइप आणणाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली. मुलीचं नाव आरोपींच्या नव्हे, साक्षीदारांच्या यादीत गेलं. या वेळी तिने स्वतः येऊन जबाब दिला आणि सही केली. ती सही ठळक होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी रागाने लिहायला बसलो नसतो.

शेठ जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. मुलीच्या घराला पालिकेची नोटीस आलीच. ती कशी आली, कुणी पाठवली, याचा कागद मिळणार नाही. नोटिशीवर स्थगिती आहे, घर उभं आहे, पण त्या घरातली माणसं गल्लीत जेसीबीचा आवाज आला की आजही दारात येऊन उभी राहतात. तरुणाचा एक डोळा गेला तो गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं विचारतात. शिकवलं हे की आपल्याकडे गुन्हा शोधायची सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते. खोली कुणाच्या नावावर, विश्वस्त कोण, सही कुणाची, एवढं विचारलं की तपास झाला. हुकूम कुणाचा, हे विचारायला धाडस लागतं आणि त्याची सवय खात्याने कुणाला लावलेली नाही. एक मुलगी गावातल्या पोरांना आकाश दाखवायला निघते, तर आपण तिला वेडी म्हणतो. एक माणूस त्याच आकाशावर स्वतःचा चेहरा लावायला निघतो, त्याला शेठ म्हणतो. मला या दोन्ही शब्दांची लाज वाटते.

मागच्या थंडीत त्या मुलीने मला बोलावलं. संस्था पुन्हा सुरू झाली आहे, आता आजींच्या गच्चीवर. दिवसा जवळा, संध्याकाळी दुर्बीण. मुलं रांगेत उभी होती. तो तरुण दुर्बिणीशी वाकून गुरू शोधत होता.

"दिसतं का नीट?" मी विचारलं, आणि विचारून पस्तावलो.

"दुर्बिणीला एकच डोळा लागतो, सर," तो म्हणाला. "दुसरा लोक नुसताच मिटून ठेवतात."

"बस झाले तुझे जोक," मुलगी त्याच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, "पण आज नीट नाही दिसणार, सर. तिकडे बघा."

गावठाणाच्या तोंडाशी त्याच सांगाड्यावर नवा बॅनर होता. तोच गॉगल, तेच आकाशाकडे केलेले हात. त्याच्यावर हॅलोजनचे दोन दिवे सोडले होते आणि त्यांच्या उजेडाने अर्धं आकाश पांढरं झालं होतं. गुरू त्याच अर्ध्यात होता. मुलं आळीपाळीने डोळा लावत होती आणि काही न दिसताच बाजूला होत होती.

आजी म्हणाल्या, "माजा फ्लेक्स कोर्टान हाय. ह्यो दुसरा काडून दे मना."

मी जिना उतरलो आणि चालत माझ्या जुन्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार नवा होता, तरुण. त्याने मला ओळखलं, उठून उभा राहिला, चहा मागवला. मी म्हणालो, चहा नको. अनधिकृत बॅनरची तक्रार द्यायची आहे.

त्याने बॅनर कुणाचा ते विचारलं. मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"साहेब, जाऊ द्या ना. दोन दिवसांवर वाढदिवस आहे. नंतर आपोआप उतरेल."

"उतरणार नाही," मी म्हणालो. "पेन उचला. आणि तक्रारदाराच्या जागी माझं पूर्ण नाव लिहा. सही मी करतो."